टाकीतलं कूलंट ‘लो’च्या खाली गेलंय, आता कोणतं घालू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, सोलापुरात वापरात. बॉनेटखालच्या साध्या झाकणाच्या पांढऱ्या टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत द्रव, ‘लो’ खुणेच्या खाली गेलंय. आतलं हिरवं आहे आणि दुकानदार लाल देतोय, वर म्हणतोय ‘काही फरक पडत नाही साहेब’. चार-सहा महिन्यांपूर्वी पेट्रोल पंपावरच्या मुलानं त्यात नळाचं पाणी ओतलं होतं. पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन रत्नागिरीला जायचंय. वडील म्हणतात, ‘आम्ही आयुष्यभर पाण्यावर गाड्या चालवल्या, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ आणि जाता जाता, भावाच्या इलेक्ट्रिक गाडीत हेच कूलंट चालेल का?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. लाल बाटली आज ओतू नका. गावात फिरण्यापुरती पातळी वर आणायची असेल तर बॅटरीत घालतो ते डिमिनरलाइज्ड पाणी पाव-अर्धा लिटर घाला, तेही इंजिन पूर्ण गार असताना. मग गळती शोधा, सगळं कूलंट काढून सिस्टीम धुवा आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकाराचं नवं कूलंट भरा. हे सगळं प्रवासाच्या किमान दोन दिवस आधी उरकायला हवं, म्हणजे भरल्यानंतर पातळी तपासायला वेळ मिळेल.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. कमी झालेलं कूलंट गेलं कुठे? पेट्रोल जळतं, इंजिन ऑइलही थोडंफार जळतं. कूलंट जळायला नसतंच. ते बंद सिस्टीममध्ये फिरत राहतं. वर्षभरात पातळी बोटभर खाली आली तर मी लक्ष देत नाही, रबरी होजमधून आणि झाकणातून तेवढं उडून जातं. पण एकदा भरल्यावर चार-सहा महिन्यांत पुन्हा ‘लो’च्या खाली, हे गळतीचं लक्षण आहे. माझ्याकडे हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलेल्या ज्या गाड्या येतात, त्यांतल्या बहुतेकांचे मालक सांगतात की ‘मधूनमधून पाणी टाकत होतो’. म्हणजे गाडी महिनोन्‌महिने सांगत होती.

त्यात तुमच्या गाडीची टाकी फसवी आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. गाड्यांमध्ये दोन पद्धती असतात. एका पद्धतीत टाकी हाच सिस्टीमचा भाग असतो, तिच्यावरच दाबाचं झाकण असतं आणि रेडिएटरला वेगळं झाकण नसतं. टाटा, महिंद्रा, फोक्सवॅगन, स्कोडा यांच्या बऱ्याच गाड्यांत असं दिसतं. तिथे टाकीत जी पातळी दिसते ती खरी. दुसरी पद्धत जपानी आणि कोरियन गाड्यांत जास्त दिसते. रेडिएटरवर दाबाचं झाकण आणि बाजूला नुसत्या साध्या झाकणाची प्लास्टिकची टाकी. तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकाराशी जुळतं. इथे इंजिन तापलं की कूलंट फुगतं, झाकणातला स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उचलला जातो आणि जादा कूलंट बारीक नळीतून टाकीत येतं. इंजिन गार झालं की आत निर्वात तयार होतो, झाकणातला दुसरा छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेच कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं.

हा परतीचा रस्ता बिघडला की घोटाळा होतो. छोटा व्हॉल्व्ह अडकला किंवा ती बारीक नळी टोकाला चिरली, तर रेडिएटर टाकीतून कूलंट ओढण्याऐवजी हवा ओढतो. टाकी ‘फुल’ दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. म्हणून तुमच्यासारख्या गाडीत नुसती टाकी बघून समाधान मानू नका. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. कूलंट गळ्यापर्यंत असायला हवं. खाली गेलं असेल तर दुखणं टाकीपुरतं नाही. आणि गाडी गार झाल्यावर वरचा जाड होज चपटा झालेला दिसला, तर झाकण बदला. वस्तू स्वस्त आहे, पण त्यावर छापलेला दाबाचा आकडा जुन्या झाकणाइतकाच हवा. जपानी घराण्यातल्या गाड्यांवर बहुधा ०.९ किंवा १.१ लिहिलेलं असतं. ०.९ च्या जागी १.१ बसवलं की जुने होज आणि रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्या तो जादा दाब सोसतातच असं नाही.

गरम इंजिनवर हे झाकण कधीच उघडू नका. चालत्या गाडीत आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही दाबामुळे उकळत नाही. झाकण फिरवून दाब गेला की ते क्षणात वाफ होऊन उसळतं, शिट्टी न काढता कुकर उघडल्यावर होतं तसं. चेहरा आणि हात, दोन्ही भाजतात. वरचा होज हातानं दाबून बघा. कडक लागला तर थांबा.

गळती शोधायची कशी? गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर उभी करा. एसीचं पाणी डाव्या बाजूला ठिबकतं, त्याला रंग नसतो, वास नसतो, बोटाला चिकटपणा लागत नाही. त्याची काळजी नको. कूलंट चिकट लागतं, गोडसर वास येतो आणि वाळल्यावर पांढरट किंवा रंगीत खपली धरते. ती खपली कुठे दिसते ते टॉर्च लावून बघा: होजच्या क्लॅम्पशी, रेडिएटरची ॲल्युमिनियम जाळी आणि वरची-खालची प्लास्टिक टाकी जिथे दुमडून जोडलेली असते तिथे, थर्मोस्टॅटच्या (तापल्यावर उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) घराशी. वॉटर पंपाखाली मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की तिथून ओघळ येतो. काही लोक ते भोक एम-सीलनं बुजवतात. तसं केल्यावर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप रस्त्यात जाम होतो.

बाहेर काहीच दिसत नसेल तर डाव्या सीटखालचा गालिचा हातानं चाचपा. ओला, चिकट असेल आणि काचेच्या आतून तेलकट धुकं बसत असेल, तर हीटरची कॉइल गळतेय. तेही नसेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. सकाळी झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केल्यावर गळ्याशी सतत बुडबुडे येतात का? थंड इंजिन चालू करून मिनिटभरातच होज कडक होतो का? तापल्यानंतरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो का? ऑइलची पट्टी दुधाळ दिसते का? यातलं एकही उत्तर ‘हो’ आलं तर रत्नागिरी पुढे ढकला. गॅरेजवाल्याकडे निळ्या द्रावाची टेस्ट असते. रेडिएटरच्या गळ्यातली हवा त्यातून ओढल्यावर द्राव पिवळा पडला, तर सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये येतोय हे नक्की होतं. आणि साध्या गळतीसाठी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावायला सांगा. गार इंजिनवर झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरून पंधरा मिनिटं थांबायचं. काटा पडला तर गळती आहे, आणि बहुतेक वेळा ती तिथल्या तिथे ओघळताना दिसते. हे न करता ‘टॉपअप करून दिलं साहेब’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आता वडिलांचा मुद्दा. ते खोटं बोलत नाहीत. फियाट, अँबेसेडर, जीप यांच्या इंजिनांचे ब्लॉक ओतीव लोखंडाचे, रेडिएटर तांब्या-पितळेचे, पाण्याच्या वाटा ऐसपैस. थोडा गंज धरला, थोडे क्षार बसले तरी भागायचं. वर्ष-दोन वर्षांनी रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्यायचे, डाग देऊन पुन्हा बसवायचे. आजच्या गाडीत हेड ॲल्युमिनियमचं, बहुतेक ठिकाणी ब्लॉकही, रेडिएटर पातळ ॲल्युमिनियम नळ्यांचा आणि त्याला प्लास्टिकच्या टाक्या. त्याला रॉड घालता येत नाही. वडिलांचा अनुभव खरा आहे, पण ती गाडी आता नाही.

पाण्यात तीन अडचणी आहेत. बर्फ ही आपल्याकडे त्यातली सगळ्यात किरकोळ. पहिली गंजाची. ॲल्युमिनियम, लोखंड, तांबं, सोल्डर हे सगळे एकाच पाण्यात बुडलेले असले की विद्युत-रासायनिक झीज सुरू होते. कूलंटमधली रसायनं धातूवर संरक्षक थर धरून ती थांबवतात. दुसरी अडचण क्षारांची, आणि सोलापूरकरांना ती वेगळी सांगायला नको. बोअरच्या पाण्यानं बादलीवर जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनमध्ये सगळ्यात गरम जागी, म्हणजे हेडमध्ये व्हॉल्व्हच्या आसपास बसतो. तो थर उष्णता अडवतो. गेज नॉर्मल दाखवत असतो आणि हेडचा तो कोपरा मात्र भाजत असतो. शिवाय पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला भोकं पाडतात.

तिसरी उकळण्याची. इथे लोकांचा एक गैरसमज असतो की कूलंटमुळेच उकळणं टळतं. प्रत्यक्षात अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं पाणी असं मिश्रण उघड्या भांड्यात साधारण १०७ अंशांना उकळतं, म्हणजे पाण्यापेक्षा सात-आठ अंशच वर. मोठं काम झाकण करतं. १.१ बारच्या झाकणाखाली साधं पाणीही १२० अंशांच्या पुढे उकळतं आणि अर्धं-अर्धं मिश्रण १३० च्या जवळ. म्हणून झाकण सैल असेल तर कितीही भारी कूलंट घाला, गाडी घाटात उसळणारच. मी आधी झाकणाकडे बघतो, मग बाटलीकडे.

बाटली निवडताना रंग विसरा. रंग हा नुसता डाय असतो. गळती दिसावी आणि कोणी चुकून पिऊ नये म्हणून घातलेला. कोणता रंग म्हणजे कोणतं रसायन, याचा सगळ्या कंपन्यांना बांधणारा नियम नाही. टोयोटाचं लाँग लाइफ लाल आणि सुपर लाँग लाइफ गुलाबी, होंडाचं निळं, फोक्सवॅगनचं जुनं जी११ निळसर-हिरवं, नंतरचं जी१३ जांभळं. बाजारातली हिरवी बाटली यांपैकी कशाशीही जुळेल किंवा कशाशीच जुळणार नाही. तुमच्या दुकानदाराचं ‘फरक पडत नाही’ हे रंगापुरतं बरोबर आहे. रसायनाचा फरक मात्र पडतो.

मूळ द्रव बहुतेक सगळीकडे इथिलीन ग्लायकॉल. वेगळेपण असतं ते गंज रोखणाऱ्या रसायनांत. जुन्या पद्धतीत सिलिकेट, बोरेट, नायट्राइट यांसारखे अजैविक क्षार असतात. ते लगेच थर धरतात पण लवकर संपतात, दोन वर्षांत बदलायला हवेत. दुसरी पद्धत सेंद्रिय आम्लांची, दुकानात तिला ओएटी म्हणतात. ती पाच वर्षांच्या आसपास टिकते. तिसरी मिश्र पद्धत, सेंद्रिय आम्लांबरोबर थोडं सिलिकेट किंवा थोडं फॉस्फेट. जपानी आणि कोरियन कंपन्या फॉस्फेटकडे झुकतात आणि सिलिकेट टाळतात, कारण पंपाच्या सीलची झीज त्यांना नको असते. युरोपीय कंपन्या उलट करतात. त्यांच्याकडच्या जड पाण्यात फॉस्फेटचा साका बसतो, म्हणून त्यांना सिलिकेट बरं वाटतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती एकाच्या गाडीत दुसऱ्याचं घातल्यावर. जपानी घराण्यातल्या गाडीत जर फॉस्फेटचं कूलंट असेल, तर त्यात सोलापूरचं बोअरचं पाणी घालणं दुप्पट वाईट, कारण पाण्यातलं कॅल्शियम त्या फॉस्फेटलाच धरून खाली बसतं.

दुकानात जाताना एवढं करा. गाडीच्या पुस्तकात कूलंटच्या पानावर प्रकार किंवा कंपनीचं नाव-क्रमांक लिहिलेला असतो, त्याचा फोटो काढा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मिळणारी त्याच नावाची बाटली हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात सुरक्षित मार्ग. चार-पाच लिटरला थोडे पैसे जास्त गेले तरी ते चार-पाच वर्षांतून एकदा जातात. बाहेरची घ्यायची असेल तर मागचं लेबल वाचा. आयएस ५७५९, जेआयएस के २२३४, एएसटीएम डी ३३०६ यांपैकी काहीतरी लिहिलेलं हवं, आणि तुमच्या पुस्तकातला प्रकारही. नुसतं ‘सर्व गाड्यांसाठी’ आणि इंजिनचं चित्र, एवढंच असेल तर ठेवून द्या. ट्रकची बाटलीही नको. मोठ्या डिझेल इंजिनांच्या लायनरसाठी (सिलिंडरमधल्या बदलत्या येणाऱ्या नळीसाठी) त्यात वेगळी रसायनं असतात.

मग बघायचं की बाटली तयार मिश्रणाची आहे की कॉन्सन्ट्रेटची. तयार मिश्रणात पाणी घालायचं नसतं, आणि लोक नेमकं त्यातच पाणी घालतात. कॉन्सन्ट्रेट तसंच ओतायचं नसतं, आणि ‘जास्त घट्ट तेवढं जास्त चांगलं’ म्हणून काहीजण तेही करतात. उष्णता वाहून नेण्याचं काम पाणी ग्लायकॉलपेक्षा कितीतरी चांगलं करतं. नुसत्या ग्लायकॉलवर इंजिन जास्त तापतं. गंमत म्हणजे शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं, आणि अर्धं पाणी घातल्यावर मात्र उणे ३७ पर्यंत गोठत नाही. एक भाग कॉन्सन्ट्रेट आणि दोन भाग पाणी घेतलं तर साधारण उणे १८, एकास तीन घेतलं तर उणे १२. आपल्याकडच्या काही बाटल्यांवर एकास तीन लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात त्यानं गोठण्याचा प्रश्न येत नाही, पण गंज रोखणारी रसायनंही तेवढीच पातळ होतात. मी एकास दोनच्या खाली जात नाही, आणि शक्यतो अर्धं-अर्धं ठेवतो. लेह किंवा स्पितीला गाडी नेणाऱ्यांनी अर्धं-अर्धंच ठेवावं. उन्हाळ्यातही मनाली-लेह रस्त्यावर सरचूसारख्या मुक्कामी रात्री पारा शून्याखाली जातो, आणि नुसत्या पाण्यावरची गाडी सकाळी फुटलेल्या होजसह भेटू शकते.

पाणी कोणतं? डिमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड, बॅटरीचं म्हणून विकतात ते. पिण्याच्या सीलबंद बाटलीत मुद्दाम खनिजं असतात. घरच्या आरओचं पाणी नळापेक्षा बरं, अडचणीत चालेल. एसीच्या नळीतून जमवलेलं पाणी वापरणारे काटकसरी लोक मला भेटतात. ते दिसायला स्वच्छ असतं, पण कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण धुऊन आलेलं असतं. लिटरभर चांगलं पाणी इतकं महाग नाही.

हिरव्यात लाल मिसळलं तर काय होईल? इंटरनेटवर दाखवतात तसा जेलीसारखा गोळा दर वेळी होत नाही. बरेचदा डोळ्यांना काहीच दिसत नाही. दोन्हीकडची रसायनं एकमेकांच्या कामात अडथळा आणतात, पाच वर्षं टिकणारं कूलंट दोन वर्षंही नीट टिकत नाही. काही जोड्यांत मात्र सिलिकेट बाहेर पडून खरोखर साका होतो आणि तो हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. आतलं नेमकं काय आहे हे ठाऊक नसताना हा जुगार कशाला? तुमच्या बाबतीत त्यात नळाचं पाणीही गेलंय, म्हणजे आतल्या मिश्रणाबद्दल खात्रीनं काहीच सांगता येत नाही. म्हणून सगळं बदला म्हणतोय. रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून प्रमाण कळतं, पण ते ग्लायकॉल किती एवढंच सांगतं. गंज रोखणारी रसायनं उरलीत का, हे त्याला कळत नाही.

बदलताना गॅरेजमध्ये एक हिशेब हमखास चुकतो. रेडिएटरचा खालचा कॉक उघडला की सगळं कूलंट बाहेर येत नाही. ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच राहतं. समजा सिस्टीम साडेचार लिटरची आहे आणि बाहेर अडीच लिटर आलं. तुम्ही दोन-तीन वेळा डिमिनरलाइज्ड पाणी भरून, इंजिन तापवून, गार करून, पुन्हा काढलंत. शेवटी आत दोन लिटर नुसतं पाणी अडकलेलं असतं. आता वरून तयार मिश्रण ओतलंत तर ते आतल्या पाण्यानं पातळ होऊन जवळपास एकास अडीचवर येतं. त्यामुळे धुऊन भरताना कॉन्सन्ट्रेट घ्या. साडेचार लिटरच्या निम्मं, म्हणजे सव्वादोन लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओता, मग उरलेली पाव लिटर जागा पाण्यानं भरा. अर्धं-अर्धं बरोबर जमतं. एकूण क्षमता पुस्तकात असते. छोट्या गाड्यांत ती साधारण चार-पाच लिटर असते.

भरणं सावकाश हवं. घाईत ओतलं की हवा अडकते. रेडिएटरच्या गळ्यातून बारीक धारेनं ओता, मधूनमधून वरचा-खालचा होज दाबत राहा, बुडबुडे येतील. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा, आणि सलग कूलंट आलं की घट्ट करा. मग झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू करा, एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. तेव्हा पातळी एकदम खाली जाते, आणखी घाला. पातळी वर चढून बाहेर येऊ लागली तर झाकण लावा. फॅन दोनदा चालू-बंद होऊ द्या आणि हीटरमधून गरम हवा येते का बघा. काटा वर आणि हीटर गार, असं असेल तर आत हवा आहे किंवा कूलंट कमी आहे. टाकी दोन खुणांच्या मध्ये भरा, काठोकाठ नको. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडून पुन्हा बघा. थोडं कमी झालेलं असतंच, राहिलेली हवा रात्रीत निघते. त्यानंतरही रोज उतरत असेल तर मघाची गळती सापडलेली नाही.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: वायपरच्या पाण्याची टाकी आणि कूलंटची टाकी बॉनेटखाली शेजारी असू शकतात. साबणाचं पाणी कूलंटमध्ये गेलेल्या गाड्या मी बऱ्याच धुतल्यात. फेस निघता निघत नाही. झाकणावरचं चित्र बघूनच ओता.

रत्नागिरीला जाताना तुम्ही आंबा घाट उतरणार, येताना चढणार. त्यामुळे दुखणं असेल तर ते परतीला, सगळं सामान आणि चार माणसं भरलेली असताना बाहेर येईल. जाताना काटा हलला नाही यावर विसंबू नका. चढताना काटा नेहमीच्या जागेवरून सरकला तर आधी एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर जोरात. मुलं कुरकुर करतील, पण हीटर म्हणजे छोटा दुसरा रेडिएटरच असतो. तरीही चढत असेल तर सुरक्षित जागी थांबा. वाफ नसेल आणि फॅन फिरत असेल तर इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, काटा उतरतो. वाफ असेल, लाल दिवा लागला असेल किंवा फॅनच फिरत नसेल तर लगेच बंद करा. तुमच्या मीटरमध्ये काटा नसून नुसता दिवा असेल, तर तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो हे लक्षात ठेवा. आणि कूलंट फार कमी झालं की सेन्सर हवेत उघडा पडतो, मग काटा उलट खाली आल्यासारखा दिसतो. अशा वेळी ‘गार झाली’ म्हणून पुढे निघालेल्यांची तापून वाकलेली हेडं मी सपाट करायला लेथवर पाठवलेली आहेत.

तिथे बाटलीभर साधं पाणीच हाताशी असेल तर ते घाला, कोरड्या इंजिनपेक्षा कोणतंही पाणी बरं. पण तासभर थांबून, होज मऊ लागल्यावर, जाड फडकं धरून झाकण हळूच सैल करून. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतल्यानं हेडला तडा जातो. घरी आल्यावर ते मिश्रण बदलून टाका.

वाटेतला मिस्त्री तीन उपाय सुचवेल. थर्मोस्टॅट काढून टाकू, हा पहिला. गेज खाली येतं हे खरं, पण इंजिन गारच राहतं, पेट्रोल जास्त खातं, इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१२८ हा कोड येतो. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहून पाणी रेडिएटर टाळून फिरतं आणि घाटात उलट जास्त तापतं. बिघडला असेल तर नवा घालावा. दुसरा उपाय फॅन डायरेक्ट करण्याचा, म्हणजे तो सतत फिरत राहील असा थेट जोडण्याचा. घरी पोहोचण्यापुरता ठीक, कायमचा नको. तिसरा हळदीचा. ट्रकवाल्यांच्या जुन्या रेडिएटरमध्ये हळद भोक बुजवायची. आजच्या रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि हीटरची कॉइल तीही बुजवते, आणि बाहेर काढता येत नाही. बाटलीतल्या लीक-स्टॉप पावडरींबद्दलही माझं मत फारसं वेगळं नाही.

भावाच्या इलेक्ट्रिक गाडीत तुमची उरलेली बाटली नको. तिथे बॅटरी आणि उच्च व्होल्टेजची इलेक्ट्रॉनिक्स गार ठेवण्याचं काम असतं, आणि काही कंपन्या त्यासाठी वीज कमी वाहून नेणारं खास कूलंट सांगतात. पातळी कमी दिसली तर ओतायचं नाही, सर्व्हिस सेंटरला दाखवायचं. हायब्रिड गाड्यांत इंजिनची टाकी वेगळी आणि इन्व्हर्टरची वेगळी असू शकते, तिथेही टाकी ओळखूनच.

काढलेलं जुनं कूलंट अंगणात किंवा गटारात सोडू नका, गॅरेजमध्येच कॅनमध्ये जमा करायला सांगा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. माणसालाही तेच होतं. उरलेलं कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. मुलानं घोटभर जरी प्यालं तरी लक्षणांची वाट न बघता थेट दवाखाना गाठा आणि मूळ बाटली सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना आत काय होतं ते कळेल.